दोन गाठींची पिशवी

१

कचरा निवडण्याच्या केंद्राच्या फाटकावर दोन करडे खांब आहेत. त्यांच्यामधून जाणाऱ्या ट्रकमध्ये किरणोत्सारी काही असलं, तर ते भोंगा वाजवतात. त्या खांबांना एवढंच काम आहे आणि ते काम ते चोख करतात. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या फाटकवाल्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी साडेअकराला ट्रक आत शिरला आणि भोंगा वाजला. फाटकवाल्याने बटण दाबून तो बंद केला.

"कधीकधी उगाच कोकलतं ते," त्याने मला नंतर सांगितलं.

"उगाच कोकलतं हे कशावरून ठरवलंत?"

"काही झालं नाही ना कधी."

दुपारी चारला तोच कचरा दुसऱ्या ट्रकमधून बाहेर निघाला आणि भोंगा पुन्हा वाजला. या वेळी मुकादम तिथेच उभा असल्यामुळे आमच्या कार्यालयात फोन करणं भाग पडलं. मधल्या साडेचार तासांत ती पिशवी निवडण्याच्या टेबलावर होती. एका बाईने ती कुशीवर फाडली, आतले ओले गाऊन, कागदी टॉवेल आणि ताटल्या हातमोज्यांशिवाय वेगळ्या केल्या, कॅनच्या पाण्याने हात विसळले आणि डबा खाल्ला. संध्याकाळी घरी जाऊन तिने आठ महिन्यांच्या मुलीला अंगावर पाजलं.

किरणोत्सर्गावर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात मी निरीक्षक आहे. नोकरीचं दुसरंच वर्ष. बुधवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा ती पिशवी आवाराच्या टोकाला लोखंडी पिंपात होती. जाड पिवळं प्लास्टिक, तीन पाकळ्यांचं धोक्याचं चिन्ह, एका मोठ्या हॉस्पिटलचा शिक्का, लाल टॅग. टॅगवरचा नंबराचा कोपरा फाटून गेलेला. गळा सुती दोरीने बांधलेला आणि दोरीला दोन गाठी, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. एका गाठीने काम भागलं असतं. मी दोन्ही गाठी वहीत चितारून ठेवल्या.

हातभर अंतरावरून मीटरने नेहमीच्या शंभरपट आकडा दाखवला. दुसऱ्या यंत्राने पदार्थाचं नाव सांगितलं : आयोडीन. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरवर देतात ते. माणसाचं शरीर आयोडीन थेट गळ्याकडे नेतं. दूध पाजणारी बाई असेल तर दुधाकडेही.

ती बाई मुकादमाच्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी सासू.

"मॅडम, एकच सांगा. पाजू का नको?"

"नको. तपासणी होईपर्यंत वरचं दूध द्या."

"कालपासून सगळे म्हणतायत काही नाही, काही नाही," सासू म्हणाली. "काही नाही तर मग ती पिशवी पिंपात कशाला कोंडली?"

त्या आठवड्यात मी ऐकलेला तो सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता.

मीटर मी बाईच्या गुडघ्याशी धरला : ०.११. म्हणजे नेहमीचा, कुठल्याही भिंतीचा, कुठल्याही रस्त्याचा आकडा. गळ्याशी धरला : ०.१९. मुलीच्या गळ्याशी आकडा ०.११ आणि ०.१३ यांच्यात हेलकावत राहिला. हातातल्या मीटरला तान्ह्या गळ्यातलं इतकं थोडं नीट मोजता येत नाही. ते मोजणारं यंत्र शहरात एकच होतं आणि ते त्याच हॉस्पिटलात होतं.

मी तडक तिथे गेले. तिथे मला सांगण्यात आलं, की मी पाहिलेली पिशवी किरणोत्सारी असूच शकत नाही.

२

हॉस्पिटलच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे मागे शून्यसाहेब म्हणतात. त्याच्या खोलीत शिरलं की नाव कुठून आलं ते कळतं. भिंतीवर चौकटीत अक्षरं : 'आमचं उद्दिष्ट : शून्य अपघात, शून्य धोका, शून्य तक्रार.' यांतलं तिसरं उद्दिष्ट सर्वांत सोपं. त्यासाठी फक्त तक्रार घ्यायची नसते.

"बसा," तो म्हणाला. "नवीन दिसता. आमची पद्धत समजावून सांगतो."

आणि त्याने मला अर्धायुष्य समजावून सांगितलं. या आयोडीनचं आठ दिवसांत निम्मं उरतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचं निम्मं. म्हणून त्या वॉर्डातल्या कचऱ्याच्या पिशव्या तळघरातल्या कोठीत किमान ऐंशी दिवस ठेवायच्या, मग मोजायच्या, आकडा नेहमीइतका आला की साध्या कचऱ्यात सोडायच्या. माझी पदवी याच विषयातली आहे. पण त्याचा बोलण्याचा वेग पाहून मी ते सांगितलं नाही. माणूस शिकवत असताना बरंच काही बोलून जातो.

त्याने नोंदवही उघडली. "मंगळवारी एकच पिशवी सुटली. नंबर एक्केचाळीस, लाल टॅग. वय चौऱ्याऐंशी दिवस. मोजमाप कोठीतल्या दाराजवळच्या ओट्यावर, आकडा ०.११. सही माझी. अकरा वाजून दहा मिनिटांनी कोठीवाल्याने ड्रायव्हरच्या ताब्यात दिली. आता सांगा, आयोडीन कुठून येणार?"

"पण ते आलंय."

"मग कोठीवाल्याने काहीतरी घोळ घातला असणार. बावीस वर्षं झाली, डोक्यात हवा गेलीय. सकाळीच निलंबित केलाय त्याला."

"आणि ती बाई? तिची मुलगी?"

"हे पाहा, आमच्या नोंदीप्रमाणे पिशवीत काही नव्हतं. ज्यात काही नव्हतं त्याच्यासाठी मी तपासणी केली, तर काहीतरी होतं असं मान्य केल्यासारखं होईल. उद्या कचऱ्यातल्या सगळ्या बायका पोरं घेऊन दारात उभ्या राहतील."

माझ्या अधिकारात पिशवी जप्त करणं होतं. मुलीला त्या यंत्रासमोर झोपवणं नव्हतं. त्यासाठी पिशवी त्यांचीच, आणि ताजी, हे सिद्ध करावं लागणार होतं.

"कोठीच्या परिपत्रकांची फाइल मिळेल?"

"हरवली," तो इतक्या चटकन म्हणाला, की फाइल किती वर्षांची होती हे विचारायलाही वेळ मिळाला नाही. "पण काळजी नको. समिती नेमलीय. सखोल चौकशी करून तीन महिन्यांत अहवाल देईल."

जिन्यात उभं राहून मी हिशेब उलटा मांडला. चौऱ्याऐंशी दिवसांत आयोडीन सुमारे चौदाशेपट कमी होतं. तर मग आज पिशवीत जेवढं होतं, त्यावरून ती बांधताना त्यात किती असायला हवं होतं? उत्तर आलं : वीसेक रुग्णांचा पूर्ण डोस, आणि त्यांतल्या एकानेही तो गिळलेला नसावा. त्या वॉर्डात खाटा दोन आहेत.

पिशवी आठ-दहा दिवसांचीच होती. मग खरी एक्केचाळीस नंबरची पिशवी गेली कुठे?

३

कोठी तळघरात आहे. शून्यसाहेब माझ्याबरोबर दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला.

"तुम्ही आत बघून घ्या. मी इथूनच सांगतो."

आत दाराजवळ सिमेंटचा ओटा, मग भिंतीभर लोखंडी मांडणी. मांडणीचे चार भाग. पहिल्याची पट्टी लाल, दुसऱ्याची पिवळी, तिसऱ्याची हिरवी, चौथ्याची करडी. चौथा भाग रिकामा होता. अगदी मागे कोपऱ्यात शिशाच्या विटांची कमरेइतकी भिंत.

"रंग कशाचे?"

"महिन्याचे. ज्या महिन्यात पिशवी बांधली त्या महिन्याचा रंग. लाल, पिवळा, हिरवा, मग पुन्हा लाल."

"तीनच?"

"तीनच. पहिल्यापासून तीनच."

मी ओट्यावर मीटर ठेवला. ओटा रिकामा होता. तरी आकडा आला ०.३४. यात नवल काही नाही, खोलीभर पिशव्या आहेत, त्यांचं थोडं थोडं सगळीकडे पोहोचतं. नवल नोंदवहीत होतं. याच ओट्यावर मोजलेल्या मागच्या त्रेसष्ट पिशव्या आणि प्रत्येकीपुढे एकच आकडा : ०.११. म्हणजे या ओट्यावर पिशवी ठेवली की किरणोत्सर्ग एक-तृतीयांश होतो. एवढा मोठा शोध लावून माणूस गप्प बसला होता, याला विनय म्हणायचं.

(वर जाताना मी त्याच्या टेबलाच्या कडेवर मीटर टेकवला. ०.११.)

लाल भागात पुढे तीन पिशव्या होत्या. तिन्हींच्या गळ्याशी सुती दोरी, दोरीला दोन गाठी, बोटभर अंतरावर. मागे आणखी काही पिशव्या होत्या. मी हात पुढे केला.

"हात लावायचा तर लेखी परवानगी लागेल!" उंबऱ्यावरून आवाज आला.

तोल सावरायला मी चौथ्या भागाची पट्टी धरली. हातमोज्याची बोटं करडी झाली. रंग ओला होता.

४

कोठीवाले काका घरी पंखा उघडून बसले होते. पाती वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेली. मी ओळख सांगताच काकू आतून म्हणाल्या, "यांना विचारू नका काही. बावीस वर्षं खरं बोलले, बघा काय मिळालं. पंखा."

मी वही उघडून गाठींचं चित्र पुढे केलं. काकांनी चष्मा पुसला, चित्र पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"या माझ्या गाठी."

"दोन का?"

"कारण रंग तीनच उरले."

मग त्यांनी पात्यांवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. "पूर्वी चार रंग होते. लाल, पिवळा, हिरवा, निळा. पहिल्या महिन्यात लाल बांधला, तो पुन्हा यायचा पाचव्या महिन्यात. तोवर जुन्या सगळ्या लाल पिशव्यांचे ऐंशी दिवस भरून त्या गेलेल्या असायच्या. कोठीत लाल म्हणजे एकाच वयाचं लाल. आंधळ्यालाही चुकता यायचं नाही. आता रंग तीन केले. लाल चौथ्याच महिन्यात परत आला. पण पहिल्या महिन्यात विसाव्या तारखेला बांधलेली पिशवी चौथ्या महिन्याच्या दहा-अकरा तारखेपर्यंत आतच राहणार ना? म्हणजे वीस दिवस जुनं लाल आणि ताजं लाल एका मांडणीत. एक सोडायचं, एकाला हात लावायचा नाही."

"हे तुम्ही सांगितलं नाही कोणाला?"

"सांगितलं? लिहून दिलं. 'लालला लाल भेटेल' असं मोठ्या अक्षरात. साहेब म्हणाले, नंबर आहेत ना टॅगवर. नंबर आहेत, पण पेनाने लिहिलेले, आणि पिशव्या ओल्या. मग मी आपलं माझं केलं. पहिल्या फेरीला एक गाठ, दुसऱ्या फेरीला दोन. अंधारातही बोटाला कळतं."

"ते कागद त्या फाइलीत होते?"

"कोणत्या, हरवलेल्या?" काकू आतून म्हणाल्या. "फाइलीला पाय फुटले, पेन्शनला कसे फुटत नाहीत?"

मी मुद्द्यावर आले. "काका, मंगळवारची पिशवी दोन गाठींची होती. म्हणजे ताजी. तुम्ही दिलीत?"

"मी?" काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझी गाठ मी ओळखणार नाही? मंगळवारी मी खाली नव्हतोच. पाहुणे आले होते ना कसलं सर्टिफिकेट द्यायला. मला वर नेऊन फलक धरायला उभा केला. दहापासून बारापर्यंत."

"कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. म्हणजे आता कोणीच नाही."

मी उठले तेव्हा ते पाती पुसत होते. "साहेब म्हणतात रंग पहिल्यापासून तीनच," मी दारातून म्हटलं. "निळा होता याचा काही पुरावा?"

काका हसले. "विटांच्या मागे बघितलंत?"

५

प्रसिद्धी विभागाच्या प्रमुख बाईंची खोली पाहून वाटलं, की या हॉस्पिटलात आजार वगैरे काही नसावेत, फक्त हसरी कुटुंबं असावीत. भिंतीवर हॉस्पिटलचं नवं बोधचिन्ह, माणसाच्या उंचीएवढं. तीन पानं : लाल, पिवळं, हिरवं.

मी फक्त ते पाहत राहिले.

"सुंदर आहे ना?" बाई म्हणाल्या. "सगळीकडे हीच रंगसंगती नेलीय आम्ही. चादरी, पाट्या, अगदी तळघरसुद्धा!"

"तळघरातले रंग पहिल्यापासून हेच होते ना?"

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे मात्र दाराकडे जाऊन आले. "हो. पहिल्यापासून."

मी विषय बदलला. मंगळवारचे फोटो पाहायला मागितले. फोटो दाखवायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, तो त्यांचा धर्म आहे. एकशे बारा फोटो होते. चौसष्टाव्या फोटोत पाहुणे, मुख्य डॉक्टर, स्वतः बाई, आणि तिसऱ्या रांगेत एका उंच फलकामागून डोकावणारा काकांचा चष्मा. डोक्यावर भिंतीतलं घड्याळ. अकरा वाजून अकरा मिनिटं.

नोंदवहीप्रमाणे काका एक मिनिटापूर्वी चार मजले खाली पिशवी देत होते.

"यात शून्य... सुरक्षासाहेब दिसत नाहीत?"

"ते तेवढ्यात खाली गेले होते. पाहुण्यांना नंतर तळघर दाखवायचं होतं, तर दारातला पसारा आवरून येतो म्हणाले. फार काटेकोर माणूस."

फोटो घेऊन मी ट्रकच्या ड्रायव्हरला गाठलं. तो चाकाशी उकिडवा बसून नट आवळत होता.

"पिशवी कोणी दिली, भाऊ?"

"कोठीवाल्या काकांनी."

मी फोटो पुढे धरला. त्याने फोटो पाहिला, पाना पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

"मॅडम, मला काल सांगितलंय काय बोलायचं ते."

"कोणी, ते विचारत नाही. त्या पिशवीतलं एका आठ महिन्यांच्या पोरीच्या गळ्यात गेलंय की नाही, ते मोजायचंय. तुम्ही खोटं बोललात तर मोजणार नाहीत."

तो बराच वेळ नट आवळत राहिला. आधीच घट्ट झालेला.

"साहेब दारात उभे होते," शेवटी तो म्हणाला. "मी विचारलं, कोणती? आत न येताच बोट केलं. म्हणाले, लाल टॅगवाली, घे आणि निघ, पाहुणे येतायत. पुढचीच होती. घेतली."

"मीटरने मोजली?"

"मीटर त्यांच्या हातात नव्हता. गुलाबाचं फूल होतं."

६

शुक्रवारी सकाळी मी पिंपातली पिशवी पुन्हा मोजली. दोन दिवसांत आकडा सोळा टक्के उतरला होता, आयोडीनचा उतरायला हवा तसाच. मग दहा वाजता लेखी हुकूम घेऊन कोठीत गेले. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांना बोलावलं, प्रसिद्धीच्या बाईंना, काकांना. शून्यसाहेब उंबऱ्यावर.

"मला ऑपरेशन आहे," मुख्य डॉक्टर म्हणाले. "थोडक्यात सांगा."

"थोडक्यातच आहे. तुमची नोंदवही म्हणते, एक्केचाळीस नंबर बाहेर गेली. एक्केचाळीस पहिल्या फेरीची, म्हणजे एका गाठीची. बाहेर सापडलेल्या पिशवीला दोन गाठी आहेत. ती ताजी आहे हे गाठ सांगते आणि तिच्यातलं आयोडीनही सांगतं. आयोडीनला कोणी निलंबित करू शकत नाही. तर मग एक्केचाळीस कुठे असेल?"

मी लाल भागातल्या पुढच्या पिशव्या बाजूला केल्या. भिंतीला टेकून एक पिशवी होती. काकांनी डोळे मिटून तिच्या गळ्याशी बोट फिरवलं.

"एक गाठ," ते म्हणाले. टॅगवर पुसट, पण वाचता येईल असा आकडा होता : ४१.

"गोंधळ झाला असेल," शून्यसाहेब उंबऱ्यावरून म्हणाला. "काकांकडून—"

"काका तेव्हा या फोटोत होते." मी फोटो डॉक्टरांच्या हातात दिला. "तुमच्या मागे, तिसऱ्या रांगेत. पिशवी दारातून बोट दाखवून दिली गेली, आणि जुनी पिशवी मागे असल्यामुळे हाताला लागली ती पुढची, ताजी. आत येऊन मोजली असती तर मीटर किंचाळला असता. पण इथे गेल्या त्रेसष्ट पिशव्या मोजल्याच गेल्या नाहीत. या रिकाम्या ओट्याचा आकडा ०.३४ आहे. साहेबांच्या वरच्या टेबलाचा ०.११. वहीत सगळीकडे टेबल आहे."

डॉक्टरांनी माझा मीटर घेतला, स्वतः ओट्यावर ठेवला, पाहिला, परत दिला. ऑपरेशनचं नाव पुन्हा काढलं नाही.

"राहिला प्रश्न, चूक होऊ शकली कशी. चार रंग होते तोवर होऊ शकत नव्हती. रंग तीन केले, काकांनी लेखी इशारा दिला, तो फाइलीत होता. मंगळवारी संध्याकाळी भोंग्याची बातमी आली आणि बुधवारी फाइल हरवली. त्याच दिवशी चौथ्या भागाची निळी पट्टी करडी झाली. माझ्या हातमोज्यावर अजून आहे."

"निळा कधीच नव्हता!" शून्यसाहेब म्हणाला. "सिद्ध करा."

"या ना मग. विटांच्या मागे एक डबा आहे. तुम्हीच वाचून दाखवा."

तो हलला नाही. मी वाट पाहिली. आठ पावलांचं अंतर होतं. डब्यात मीटर तपासण्यासाठी वापरून झालेला जुना किरणोत्सारी तुकडा आहे, शिशात बंद. त्याच्याजवळ मिनिटभर उभं राहिल्याने काही होत नाही, हे त्याने स्वतःच्या व्याख्यानांत किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. अकरा वर्षं सुरक्षेचा पगार घेणारा हा माणूस घामाने डबडबून उंबऱ्याला चिकटून उभा होता. त्याची भीती मी समजू शकते. भीतीचा राग नाही मला. पण स्वतः जिथे पाऊल टाकायची छाती नाही, तिथली पिशवी त्याने हातमोजे नसलेल्या बाईकडे पाठवली आणि वहीत लिहिलं : सुरक्षित.

काका गेले. सावकाश, पाठीवर हात बांधून. डब्यावरचा टॅग त्यांनी मान वाकवून वाचला.

"निळा टॅग. तारीख चार वर्षांपूर्वीची. सही साहेबांची. वर टेबलावर सही करून खाली पाठवला होता, बांधला मी." मग वळून म्हणाले, "रंगाऱ्याला यांनी सांगितलं असणार, विटांच्या मागे जाऊ नकोस. ज्याला आत यायची भीती नाही त्याने पुरावा असा अर्धा पुसला नसता. मी असतो तर मागचाही पुसला असता."

मग प्रसिद्धीच्या बाईंनी पर्समधून फोन काढला.

"मी फक्त रंग सुचवले होते," त्या घाईघाईने म्हणाल्या. "निळा आमच्या बोधचिन्हात बसत नव्हता. मंजुरी यांनी दिली. हा बघा मेसेज, 'काही फरक पडत नाही, करून टाका.' विज्ञान माझं खातं नाही, डॉक्टर."

एका विषाची चार महिन्यांची शिस्त, तीन पानांच्या चित्रासाठी मोडली होती. आणि परवानगीला सहा शब्द पुरले.

"समितीचा अहवाल येईपर्यंत..." शून्यसाहेब पुटपुटला.

"तीन महिन्यांत," मी म्हणाले. "म्हणजे नव्वद दिवस. पिंपातल्या पिशवीत तोवर काही उरणार नाही. त्या मुलीच्या गळ्यातही सापडणार नाही. तुम्ही चौकशीही कोठीत ठेवायला निघालात, साहेब. दार लावून, थंड होईपर्यंत."

मुख्य डॉक्टरांनी त्याच्याकडे न पाहता विचारलं, "ती मुलगी कुठे आहे?"

७

बाहेर, बाकावर होती. मी त्यांना सकाळी आठलाच आणून बसवलं होतं.

यंत्रासमोर आईला झोपवलं, मग मुलीला. मुलगी रडली, मग यंत्राच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहत गप्प झाली. दहा मिनिटं आकडे जमत राहिले. सासू माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती, जणू निकाल तिलाही वाचता येणार होता.

शून्यसाहेबाला वर थांबायला सांगितलं होतं. तरी जाता जाता तो दारात डोकावला आणि बाईला म्हणाला, "काळजी करू नका. शून्य धोका आहे."

बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, तुम्ही सांगा. शून्य आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "शून्य नाही. तुमच्या गळ्यात आहे. मुलीच्या गळ्यात त्याहून पुष्कळ कमी आहे, पण आहे. एका संध्याकाळच्या दुधातून गेलंय. इजा होईल इतकं नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाजलं नाहीत म्हणून वाढलं नाही. आठ दिवसांनी निम्मं होईल. झालं का ते बघायला आठ दिवसांनी इथेच यायचं, मग पुन्हा आठ दिवसांनी, मग पुन्हा. तोवर वरचंच दूध. हे सगळं लिहून देते, आकड्यासकट."

तिने श्वास सोडला. बुधवारपासून कोंडलेला असावा.

"आकडा मोठा लिहा," ती म्हणाली. "मला वाचता येतो."

मी मोठा लिहिला. कागद तिने चौघडी करून पोलक्यात ठेवला. मुलीच्या दुपट्याचा पदर सुटत होता. सासूने तो कमरेशी ओढून बांधला, थांबली, आणि वर आणखी एक गाठ मारली.

"काही नाही, काही नाही म्हणत होते सगळे, तेव्हा डोळ्याला डोळा लागत नव्हता," बाई उठता उठता म्हणाली. "आता आहे म्हणालात, तर झोप लागेल."